पॉलिशमास्तरांच्या दोन गोळ्या

"तुमच्या ह्यांनी मनाच्या बळावर दारू सोडली हो, मानलं पाहिजे!" असं कुणी म्हटलं की मास्तरीणबाई लगेच त्याला अडवतात. "मनाच्या बळावर वीस वर्षं सोडतच होते की. सोमवारी सोडायचे, मंगळवारी धरायचे. सुटली ती औषधानं." समोरचा माणूस ओशाळतो. औषध घेऊन सुटलेली दारू म्हणजे कॉपी करून पास झालेली परीक्षा, असं लोकांना उगीचच वाटत असतं. बाईंना तसं मुळीच वाटत नाही. सहा वर्षं झाली मास्तर दारूला शिवलेले नाहीत, आणि औषधाच्या चिठ्ठ्या बाईंनी रेशनकार्डाशेजारी जपून ठेवल्या आहेत.

आता त्या मास्तरीण कशा, तर शाळेची पायरी त्या सातवीनंतर चढलेल्या नाहीत. शिंप्याच्या दुकानात शर्टांना काजं करतात. पण नवऱ्याला सगळे मास्तर म्हणतात म्हणून त्या मास्तरीण. नवराही काही शाळेतला नव्हे. फर्निचरच्या कारखान्यातला पॉलिशवाला. पण काय पॉलिशवाला! चपडा, म्हणजे लाखेच्या पापड्या, स्पिरिटमध्ये विरघळवायचा, कापूस सुती कापडात गुंडाळून त्याचा बोळा करायचा, आणि तो बोळा लाकडावर गोल गोल फिरवत राहायचं. एक थर, दहा थर, चाळीस थर. हात मध्येच थांबला की डाग पडलाच म्हणून समजा. खोलीच्या खिडक्या बंद, दार बंद, कारण ओल्या पॉलिशवर धुळीचा कण बसला की सगळं मुसळ केरात. मास्तरांनी केलेल्या टेबलात मालक गिऱ्हाइकांसमोर स्वतःचा भांग पाडून दाखवायचे. मालकांच्या डोक्यावर केस मोजून अकरा, पण तेसुद्धा टेबलात वेगवेगळे दिसायचे.

हा असा हात, आणि त्याला ही दारू लागलेली. दारुड्याच्या बायकोचं खरं हत्यार म्हणजे नाक. बाईंचं ते हत्यारच निकामी होतं. मास्तर घरी यायचे ते रोज स्पिरिटच्या वासानं माखून. प्यायले तरी तोच वास, नाही प्यायले तरी तोच. "कामाचा वास आहे गं, घेतली नाही, तुझी शपथ!" हे वाक्य बाईंनी इतक्या वेळा ऐकलं होतं की त्या शपथांनी खरंच काही होत असतं, तर त्या केव्हाच वर गेल्या असत्या. मग त्या बघायला शिकल्या. शुद्धीत असले की मास्तर पायरीवर बसून बुटांची नाडी सोडायचे आणि जोडी भिंतीला लावून ठेवायचे. घेतलेली असली की मुद्दाम उभ्यानं बूट काढायचे, आपण किती धडधाकट आहोत ते दाखवायला. उभ्यानं बूट निघाले की बाई गप्पपणे ताट वाढून आत निघून जायच्या.

लेक लग्न होऊन लांब गेली. तिचा फोन यायचा तोही वडील घरात नसतील तेव्हा. बाईंचे थोरले भाऊ, सगळ्यांचे दादा, गोदामात हिशेबनीस होते आणि आता निवृत्त झालेले. माणूस सरळ, पण जिभेला हाड नाही. ते दर वेळी म्हणायचे, "अगं, माझ्याकडची मागची खोली रिकामीच आहे. कशाला जिवाचे हाल करून घेतेस?" बाई म्हणायच्या, बघू. बघता बघता वीस वर्षं गेली.

एकदा मास्तरांच्या हातून कपाटाच्या दारावर डाग पडला. सकाळी दोन घोट पोटात गेल्याशिवाय हाताची थरथर थांबत नव्हती, आणि त्या दिवशी घोट मिळाले नव्हते. मालक ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दार उचललं आणि दुसऱ्याकडून करून घेतलं. मास्तर घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. बाईंनी तेवढ्यातच सांगून टाकलं, "आता शेवटचं सांगते. दवाखान्यात चला. आणि त्यानंतर एक घोट जरी घेतलात, तर मी दादाकडे जाईन. परत येणार नाही." बाई शब्दाच्या पक्क्या, हे मास्तरांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी ते आपणहून कपडे घालून तयार होते.

शेजारणीनं बाईंच्या कानात सांगितलं होतं, की एक पूड मिळते, चहात गुपचूप घालायची, माणसाला पत्ताही लागत नाही. बाईंनी ती सूचना तिथल्या तिथे उडवून लावली. "चोरून औषध पाजून सुटली, तर ती मी सोडवली. यांनी काय सोडलं मग?" पुढे डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं, की असं चोरून द्यायचं नसतं, माणसाच्या जिवावर बेततं.

डॉक्टरीण वयानं त्यांच्या लेकीएवढी. तिनं मास्तरांना आधी आठवडाभर दवाखान्यात ठेवून घेतलं, थरथर आणि घाम आटोक्यात आणला, रक्त तपासलं, यकृत तपासलं. मग गोळी दिली आणि नीट समजावून सांगितलं. ही गोळी पोटात असताना दारू गेली, तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, डोकं फुटतं, उलट्या होतात. दाढीनंतरचं लोशन लावायचं नाही. खोकल्याचं औषध विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. शेवटी तिनं विचारलं, "काम काय करता?"

"सुतार," मास्तर म्हणाले.

बाई शेजारीच होत्या, पण त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मास्तर सगळीकडे असंच सांगायचे. कारखान्यात सुताराला खुर्ची आणि पॉलिशवाल्याला स्टूल, ही रीत. चहासुद्धा आधी सुतारांना. म्हणून बाहेर कुणी विचारलं की मास्तर स्वतःला सुतार करून घ्यायचे. तेवढाच मान! डॉक्टरीणबाईंनी तसं लिहून घेतलं.

मग रोज सकाळचा कार्यक्रम सुरू झाला. बाई गोळी तळहातावर ठेवायच्या, मास्तर पाण्याबरोबर गिळायचे आणि तोंड उघडून "आ" करून दाखवायचे. "जेलरसाहेब, झाली तपासणी?" असं वर विचारायचे. बाई म्हणायच्या, "जीभ उचला." दोघंही हसायची. त्या घरात सकाळी कुणी हसल्याला बरीच वर्षं झाली होती. गोळीचं नाव मास्तरांनी हवालदार ठेवलं.

सात आठवडे हवालदारानं चोख काम केलं. मालकांचा मास्तरांच्या हातावर अजून विश्वास बसला नव्हता, म्हणून त्यांच्याकडे लाकूड घासायचं आणि दारांना तेल द्यायचं काम होतं. हळूहळू थरथर गेली. मग एका वाचनालयाचं लांबलचक टेबल आलं आणि मालक म्हणाले, "मास्तर, घ्या बोळा हातात." मास्तर सकाळी शिट्टी वाजवत गेले. दुपारी मालक त्यांना रिक्षात घालून घरी घेऊन आले.

चेहरा लाल, डोळे लाल, मान लाल. "वहिनी, सांभाळा," मालक खाली बघत म्हणाले. "पुन्हा सुरू झालेलं दिसतंय." आणि निघून गेले.

मास्तर पायरीवर बसूनच बूट काढत होते. बाईंना ते दिसलं, पण राग डोळ्यांवर चढला की दिसलेलंही दिसत नाही. त्यांनी कपाटावरची पिशवी काढली आणि साड्या भरायला लागल्या.

"घेतली नाही," मास्तर दारातून म्हणाले.

"हे वाक्य वीस वर्षं ऐकतेय मी."

"तेव्हा खोटं होतं. आज खरं आहे."

"मग हवालदारानं काय उगीच धरलं तुम्हाला?"

मास्तर डोकं दोन्ही हातांनी धरून खाली बसले. संध्याकाळपर्यंत चेहऱ्याची लाली उतरली, तेव्हा म्हणाले, "मला वाटतं हे त्या पॉलिशनं होतंय. तेल देत होतो तोवर काही नव्हतं, आज बोळा धरला आणि झालं. उद्या माझ्याबरोबर चल. दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत बस. मी एक थेंब प्यायलेला दिसलो, तर तुझी पिशवी मी स्वतः स्टँडवर पोचवतो."

बाईंनी पिशवी तशीच भरलेली ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून सुट्टी घेतली. सकाळी गोळी दिली. मास्तरांचे खिसे तपासले, पाण्याची बाटली उघडून चव घेतली, डब्याचं झाकणसुद्धा उलटं करून बघितलं. कारखान्यात स्टुलावर जाऊन बसल्या. सुतार एकमेकांना कोपरानं ढोसत होते. ढोसू देत.

लग्नाला तीस वर्षं झाली होती, आणि नवरा काय काम करतो ते बाई पहिल्यांदा बघत होत्या. मास्तरांनी खिडक्या लावल्या, दार ओढून घेतलं, बोळा भिजवला, तळहातावर दाबून जास्तीचं पॉलिश काढलं आणि टेबलाला हात लावला. तो हात जो निघाला तो थांबेचना. कडेनं आत, आतून कडेला, कुठे जोर नाही, कुठे घाई नाही. मातकट लाकूड हळूहळू उजळत गेलं आणि आतल्या रेषा वर आल्या. बाई स्वतः हातानं काम करणाऱ्या. काज करताना एक टाका इकडचा तिकडे झाला तर त्यांना लांबून कळतो. त्यांना कळलं की हे काम करणारी माणसं फार नसतात. आपण या माणसाचे फक्त बूट बघत बसलो, असं वाटून त्यांना गलबलून आलं.

तासाभरात मास्तरांची मान कॉलरजवळ लाल व्हायला लागली. मग कान. मग गाल. तोंडात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं. बाईंची नजर क्षणभरही हलली नव्हती. मास्तरांचा श्वास जोरात चालू झाला, तरी हात फिरतच होता. थर अर्धा सोडला तर डाग पडला असता ना!

"अहो, बास! बास करा! दिसलं मला!" बाई ओरडल्या आणि त्यांनी धडाधड खिडक्या उघडल्या. धूळ आत आली, मालक धावत आले. "वहिनी, पॉलिश ओलं आहे! टेबलाची वाट लागेल!"

"लागू दे वाट," बाई रडत रडत कडाडल्या. "काल माझ्या दारात काय बोललात ते आधी मागे घ्या. यांनी घेतलेली नाही. हा तुमच्या स्पिरिटचा वाफारा आहे." मालकांनी एकदा मास्तरांकडे पाहिलं, एकदा टेबलाकडे, आणि सगळ्यांदेखत हात जोडले. मास्तरांना जरा मोकळ्या हवेत बसवून बाई त्यांना घेऊन थेट दवाखान्यात गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. आधी दोघांना झाडलं, की एकदा त्रास झाल्यावर पुन्हा करून बघणं हा शुद्ध वेडेपणा, हृदयाला काही झालं असतं म्हणजे? तिथल्या तिथे नाडी बघितली, रक्तदाब बघितला. मग म्हणाल्या, "पण तुम्ही तर सुतार म्हणाला होतात!"

मास्तर जमिनीकडे बघायला लागले. "पॉलिशवाला आहे मी," ते म्हणाले. "सुतार म्हटलं की लोक जरा नीट बोलतात."

"बंद खोलीत दिवसभर स्पिरिट हुंगता, हातावर घेता, आणि वरून ही गोळी." डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला. "दोन रस्ते आहेत. पॉलिश सोडा आणि हीच गोळी चालू ठेवा. नाहीतर हिचा अंमल उतरेपर्यंत दोन आठवडे स्पिरिटपासून लांब राहा, आणि आपण दुसरी गोळी देऊ. ती दारूची ओढ कमी करते, घेतलीच तर पूर्वीसारखी मजा येऊ देत नाही. पण तिच्यात शिक्षा नाही. घेतली तरी चेहरा लाल होणार नाही, काही कळणार नाही." हे शेवटचं वाक्य डॉक्टरीणबाई मास्तरीणबाईंकडे बघून बोलल्या.

"मी पॉलिश सोडतो," मास्तर पटकन म्हणाले. "घासायचं काम करीन. हिला पुन्हा तो घोर नको."

हवालदार घरात असला की बाईंना शांत झोप लागत होती. सात आठवड्यांची झोप, वीस वर्षांनी मिळालेली. ती सोडायची म्हणजे पुन्हा नाक निकामी, पुन्हा सगळा भरवसा या माणसाच्या शब्दावर, आणि त्या शब्दाची किंमत त्यांच्याइतकी कुणाला माहीत होती? पण आत्ताच डोळ्यांनी बघितलेला तो हातही त्यांच्या डोळ्यांसमोरून जाईना.

"गोळी बदला," बाई म्हणाल्या. "तो हात लाकूड घासायला नाही." आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मास्तरांना म्हणाल्या, "माझा शब्द मात्र तोच आहे. एक घोट, आणि मी गेले." मास्तर म्हणाले, "हो."

दादांना हे कळलं तेव्हा ते हसले. "आधी गोळीच्या कुबड्या, आणि आता तर पकडायची सोयही घालवलीस! दारू सोडायला पुरुषाला मनाचा निर्धार लागतो, गोळ्या नव्हेत."

"दादा, तू रक्तदाबाची गोळी घेतोस ना? मग सोड की ती, आणि निर्धार कर," बाई म्हणाल्या. दादांनी वर्तमानपत्र उघडलं.

दुसरी गोळी सुरू झाली. सुरुवातीला मास्तरांना मळमळलं, मग सवय झाली. दर गुरुवारी दवाखान्यात इतर माणसांबरोबर बसून बोलायचं, तेही सुरू झालं. वाचनालयाचं टेबल मास्तरांनी पुन्हा पहिल्यापासून केलं, मालकांनी आता खोलीला हवा बाहेर ओढणारा पंखा बसवून दिला होता. घरी ते पहिल्यासारखेच स्पिरिटच्या वासानं माखून यायचे. बाई तो वास घ्यायच्या आणि काही विचारायच्या नाहीत. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण गिळलेला प्रश्न काही पचत नाही. असे पाच महिने गेले.

एका संध्याकाळी दादा आले होते. बाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला तेवढ्यात मास्तर आले. पायरीवर बसले, नाडी सोडली, बूट भिंतीला लावले. आत आले ते हातपाय न धुता तसेच उभे राहिले. चेहरा नेहमीचा. हात स्थिर. बाईंना कुठे काही दिसलं नाही.

"मी आज घेतली," मास्तर म्हणाले.

दादांचा कप तोंडाजवळच राहिला.

"थोरल्या सुतारांचा निरोपसमारंभ होता. सगळ्यांनी ग्लास हातात दिला. अर्धा प्यायलो. गोड लागली नाही, काही नाही. उरलेली मोरीत ओतली." मास्तर बाईंकडेच बघत होते. "रिक्षा केली नाही, चालत आलो. सांगू की नको, सांगू की नको, असं करत आलो. सांगितलं नसतं तर तुला कळलं नसतं. सांगितलं तर तू जाशील, हे पण माहीत आहे."

"झालं!" दादा उठलेच. "मी म्हणत नव्हतो? चल, ऊठ, सामान भर. शब्द दिला होतास ना?"

बाई उठल्या. मास्तर दारातून बाजूला झाले, त्यांना वाट करून द्यायला. पण बाई दाराकडे गेल्या नाहीत. त्यांनी मास्तरांसाठी माठातलं पाणी आणलं, ते पिऊन होईपर्यंत समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सकाळची गोळी घेतली होती?"

"घेतली होती."

"उद्या दवाखाना उघडायच्या आधी दारात जाऊन बसू. हेही डॉक्टरीणबाईंना सांगायचं. सगळं, जसं मला सांगितलंत तसं."

"अगं, तुला कळतंय का?" दादा म्हणाले. "माणूस प्यायलाय!"

"कळतंय रे. वीस वर्षं हा माणूस पिऊन यायचा आणि 'नाही घेतली' म्हणायचा. आज कुणी पकडलं नव्हतं, कुणी पकडू शकलं नसतं, आणि घर जाणार हे माहीत असताना स्वतः येऊन सांगतोय. तुझ्यासमोर!" बाईंनी मास्तरांच्या हातातला रिकामा पेला घेतला. "शब्द मी दिला होता, दादा, आणि तो मी आज मोडतेय. एवढी हिंमत यांनी केली, मग मी नको करायला?"